बोरमाळची विहीर

"सर, पण त्या वाडीतल्या लोकांनी ते पाणी प्यायलं का?"

प्रश्न शेवटून दुसऱ्या बाकावरून आला आणि वर्गात हसू पसरलं. धारपलाही हसू आलं. मुंबईच्या त्या वैद्यकीय महाविद्यालयात तो गेली चार वर्षं आरोग्यशास्त्र शिकवत होता. पोरं त्या विषयाला आपसांत गटारशास्त्र म्हणत. शस्त्रक्रिया, हृदयाचे विकार, डोळे यांच्यापुढे संडास, विहिरी, डास आणि देवी टोचणं यांना कोण विचारतो. परीक्षेपुरतं पाठ करायचं आणि विसरायचं. म्हणून दर मार्चात पटकीच्या तासाला धारप बोरमाळची गोष्ट सांगायचा. ती सांगताना वर्ग गप्प व्हायचा. त्रेचाळीस सालचा मे महिना. कुलाबा जिल्ह्यात पटकीची साथ. कर्जत तालुक्यात कशेळ्याच्या वर, डोंगराच्या पायाशी ठाकरांची एकोणीस घरांची वाडी. आठ दिवसांत अकरा माणसं गेलेली. साथीच्या कामावर नेमलेला तरुण डॉक्टर धारप बैलगाडीनं तिथं पोचतो, वाडीच्या एकुलत्या एका विहिरीत पोटॅश परमँगनेट टाकतो, पाणी तांबडंलाल होतं, आणि त्या दिवसानंतर बोरमाळमधून एकाही रोग्याची नोंद येत नाही. "औषधाची एक पुडी," तो म्हणायचा, "आणि एक अख्खी वाडी. ऑपरेशनच्या टेबलाशी जन्मभर उभे राहिलात तरी एका दुपारी इतकी माणसं वाचवता येणार नाहीत." इथं तो थांबायचा. यंदाही थांबला, आणि त्या थांबण्यातच तो प्रश्न आला.

"न पिऊन जातील कुठं?" धारप म्हणाला. "वाडीला दुसरी विहीर नव्हती."

"विहीर नव्हती सर, पण खाली ओढ्याला डोह आहे."

"तुम्ही कुठले?"

"कशेळ्याचा. आबाजी ठोंबरे."

"मग तुम्हीच सांगा, प्यायले की नाही ते."

"मला माहीत नाही, सर. म्हणून विचारलं."

घंटा झाली. पोरं वह्या मिटून उठली. ठोंबरेही उठला, काळा, रुंद हाडाचा, कोटाच्या बाह्या आखूड झालेला. त्याच्या चेहऱ्यावर कुरापत नव्हती. ती असती तर बरं झालं असतं, असं धारपला फळा पुसताना वाटलं.

त्या दिवसापासून त्याचं पाण्याशी काहीतरी बिनसलं. दादरच्या दोन खोल्यांत मालती, त्याची बायको, रोज सकाळी पाणी उकळायची, दुहेरी फडक्यानं गाळायची, माठात भरायची. हा नियम त्यानंच घालून दिला होता. बाहेर तो कुठंच पाणी पीत नसे. खाकी पट्ट्याची बाटली खांद्याला असायची. "माझ्या माहेरीसुद्धा तुम्ही कधी घोट घेतला नाहीत," मालती एकदा म्हणाली होती, आणि त्यानं ते कौतुक समजून घेतलं होतं. आता माठातलं पाणी ओतताना त्याचा हात मध्येच थांबे. नोंद येत नाही. हे वाक्य त्यानं चार वर्षं चार वर्गांना सांगितलं होतं, आणि त्याचे दोन अर्थ होतात हे त्याला कधी दिसलं नव्हतं. रोगी नाहीत म्हणून नोंद नाही. किंवा रोगी आहेत, आणि नोंद नाही. तो त्या वाडीला परत गेला नव्हता. दुसऱ्या दिवशी खालापूरकडच्या गावांना निघायचं होतं, तिथून पुढं पेणला. आठवायला बसलं की विहिरीचा बुटका कठडा दिसे, पाण्यावर उलटी तरंगणारी बेडकं दिसत, पाठीवरचं ऊन जाणवे, आणि एक हात. बाईचा हात, काचेच्या हिरव्या बांगड्या घातलेला, करवंटीची डवली पुढं धरलेला. डवलीत ते तांबडं पाणी. हाताच्या मागचा चेहरा दिसत नसे. पुढं काय झालं तेही दिसत नसे. त्या जागी नुसता एक उबट कोरेपणा होता, आणि त्याच्याशी गेलं की धारपला काहीतरी काम आठवायचं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सहा विद्यार्थ्यांना घेऊन तो गावपाहणीला निघाला. दर वर्षी ही पाहणी ठाण्याच्या जवळपास कुठंतरी उरकायची. यंदा त्यानं कशेळं लिहून दिलं. का, असं वरिष्ठांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, एक विद्यार्थी तिथला आहे, सोय होईल. नेरळला उतरून बैलगाड्यांनी ते कशेळ्याला पोचले तेव्हा बाजाराचा दिवस होता. दवाखान्याचा कंपाउंडर ओट्यावरच भेटला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बरे आलात साहेब. वरच्या उंबरवाडीत दोन गेले परवा. पटकीच वाटते." धारपनं औषधांचं कपाट उघडायला लावलं. ब्लीचिंग पावडरीचा डबा होता, पण झाकण उघडल्यावर वास आला नाही. दमट हवेनं ती मरून नुसती माती झाली होती. पोटॅशचा डबा मात्र भरलेला होता. ते जांभळे, काळपट खडे पाहून धारपच्या मानेवरून घामाचा एक ओघळ उतरला. उंबरवाडीच्या खालून वाहणारा ओढाच पुढं बोरमाळच्या डोहात येतो, हे आबाजीनं कुणी न विचारता सांगितलं. आणि उंबरवाडीचे पाहुणे दोन दिवसांपूर्वी बोरमाळला येऊन गेले, तिथल्या विहिरीत त्यांनी आपला पोहरा सोडला, हे कंपाउंडरनं सांगितलं.

धारपनं तालुक्याला चिठ्ठी पाठवली: सलाइन, लस आणि माणसं पाठवा. मग पोटॅशचा डबा बरोबर घेऊन ते बाजारातून चालत निघाले. काकड्यांच्या टोपलीशी बसलेली एक बाई उठून आडवी आली. आबाजीची आत्या. "आमच्या पोराचे मास्तर ना तुमी? मंग असं कोरडं जायचं नाय," म्हणत तिनं काकडी चिरली, मीठ लावलं आणि फोडी पुढं केल्या. फोडींवर माश्या बसून उठल्या. धारपचा हात नेहमीप्रमाणे नाही म्हणायला वर आला. एरवी त्यानं विद्यार्थ्यांना तिथंच त्या फोडींवर पाच मिनिटं शिकवलं असतं. पण त्या बाईच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. त्यानं फोड घेतली आणि खाल्ली. विद्यार्थी एकमेकांकडे बघत राहिले.

बोरमाळला पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. धारपला वाडी ओळखू येईना. त्याच्या डोक्यात एकोणीस घरं होती. इथं सात होती. मधल्या जागेत रानगवत वाळून पिवळं पडलं होतं, आणि त्या गवतात दगडांच्या चौकोनी रांगा दिसत होत्या. एका घरापुढं म्हातारी मोहाची फुलं वाळत घालत बसली होती. तिचं नाव भागी, वाडीतली सगळ्यांत वडीलधारी, आबाजी म्हणाला. तिच्या मागं भिंतीला टेकून तिचा मुलगा कमळ्या उभा होता, पस्तिशीचा, कोयत्याच्या मुठीवर हात ठेवून. आबाजीनं म्हातारीला सांगितलं की मुंबईचे मोठे डॉक्टर आलेत, पाणी बघायला. भागीनं वर पाहिलं. तिची नजर सगळ्यांवरून फिरली आणि फुलांवर परत आली.

"पानी बघाय पयले बी आला व्हता एक," ती म्हणाली. "टोपीवाला. इहिरीत कायतरी टाकलं त्यानं. पानी रगतावानी झालं. बेडकं मेली, मासं मेलं, सगळं वर आलं. आमी म्हनलं, बेडूक मरतो, तं मानूस कसा जगंल? मंग गेलो डोहावर."

"मग?" एका विद्यार्थ्यानं विचारलं. त्याची पेन्सिल तयार होती.

"मंग काय. आदी पोरं गेली. मंग पोरांना उचलनारी गेली."

"पण सरकारात कळवलं नाही कुणी?"

"पाटील म्हनला, कळवू नका, कळवलं तं परत टोपीवाला यील."

"किती गेली?"

भागीनं हनुवटीनं गवताकडे खूण केली. "जोती मोज."

विद्यार्थ्यानं मोजायला मान वळवली आणि अर्ध्यावर थांबवली. धारपला पायांखालची जमीन नीट जाणवत होती, वहाणेत शिरलेला खडा जाणवत होता, मोहाच्या फुलांचा आंबूस गोड वास जाणवत होता. आता पोटॅशचा डबा उघडला तर हे लोक आजच डोहावर जातील. आबाजीला सांगून कसलंतरी दुसरं नाव दिलं, रात्री येऊन गुपचूप थोडंच टाकलं, तर? विचार इतक्या सहज आला की तो जुनाच असावा असं त्याला वाटलं. एक तर डोह, एक तर विहीर. आणि दोन्हींच्या मध्ये फक्त तो, आणि तो कोण हे कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक व्हायची गरज नव्हती. विद्यार्थ्यांनाही नव्हती. पुढच्या मार्चात गोष्ट दुसरी सांगता आली असती. त्यानं कमळ्याच्या हाताकडे पाहिलं, कोयत्याकडे पाहिलं.

"तो टोपीवाला मीच," तो म्हणाला.

आवाज त्याला वाटला त्यापेक्षा लहान आला. आबाजीनं त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. कमळ्या भिंतीपासून सुटा झाला. भागी मात्र फुलं पसरतच राहिली.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "वाटंवर दिसलास तवाच वळखलं. बघत व्हते, सांगतोस का तसाच जातोस."

मग तिनं हात झटकले. "चिंधी माजी सून. या कमळ्याची बायको. तिनं डवली धरली व्हती तुज्याम्होरं. म्हनली, तुमी आदी प्या, मंग आमी पितो. तू हसलास."

आणि तो उबट कोरेपणा भरला. काही भयंकर नव्हतं त्यात. चिंधी विशीतली होती, नाकात चमकी होती, तिच्या कडेला पोर होतं. तिनं डवली धरली होती आणि धारपनं हसून खांद्यावरच्या बाटलीवर टिचकी मारली होती. बरोबरच्या शिपायाला म्हणाला होता, हिला सांग, मला तहान नाही. गाडी जुंपलेली होती. शिपायालाही हसू आलं होतं. तेवढंच. एका माणसानं हसून दुसऱ्याला नाही म्हणण्याइतकं साधं. त्यावर गवत उगवलं होतं.

कमळ्या पुढं आला. "आता बी बेडकं मरतील?"

"मरतील."

"आनि मानसं?"

"माणसाला बाधत नाही. बेडकाची कातडी नाजूक असते. मी पिऊन दाखवतो."

"येक डवली कोन बी पिऊन दाखवंल," कमळ्या म्हणाला.

भागीनं त्याला हातानं गप्प केलं. "तू हितं ऱ्हा," ती धारपला म्हणाली. "आमी खाऊ ते खा, आमी पिऊ ते पी. आमच्या म्होरं. उंबरवाडीचं दुखनं जाईस्तोवर. ऱ्हातोस तं टाक तुजं औषद."

त्यानं विद्यार्थ्यांना परत जायला सांगितलं. त्यांची जबाबदारी त्याच्यावर होती, त्यांचे आईबाप त्यांना डॉक्टर व्हायला पाठवत होते, पटकीच्या वाडीत झोपायला नव्हे. पाच जण निघाले. त्यांच्या चालण्यात सुटका होती आणि ती लपवायची धडपडही होती. आबाजी गेला नाही. "माझी भाषा लागेल तुम्हांला," तो म्हणाला. विहिरीपाशी सगळी वाडी जमली. धारपनं पोहऱ्यात खडे विरघळवले, पोहरा खालीवर केला, आणि पाण्यात तांबडे धागे फिरायला लागले, मग ढग, मग सगळंच तांबडं. बायांच्या घोळक्यातून एक उसासा आला. अर्ध्या तासात पहिलं बेडूक वर आलं. धारपनं करवंटीची डवली मागून घेतली आणि प्याला. गंजका खिळा चोखल्यासारखी चव होती. घोट घशाखाली जाताना सगळ्यांचे डोळे त्याच्या कंठावर होते. मग भागी प्याली. मग एकेक जण. कमळ्या सगळ्यांत शेवटी प्याला, आणि पिताना त्यानं धारपवरची नजर काढली नाही.

दुसरा दिवस शांत गेला. ती शांतता धारपला सोसवेना. तो घराघरांतून फिरला, हात धुवायला सांगितलं, पाणी उकळलंत तर अधिक बरं असंही सांगितलं; पण एकदा औषध टाकल्यावर वर लाकडं कशाला जाळायची हे त्याला पटवता आलं नाही, कारण कालपर्यंत त्यालाही ते पटलं नसतं. कुणी रानाकडे दोनदा गेलं की तो मोजायचा. आबाजी त्याच्या बरोबर सावलीसारखा होता आणि टिपत होता. "सर, हे पुस्तकात नाही," तो एकदा म्हणाला. धारपनं विचारलं, काय नाही? आबाजी म्हणाला, "हे, की आपण प्यायचं." धारपला बरं वाटलं. पुष्कळ वर्षांनी कुणी त्याच्याकडून काही शिकत होतं असं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची त्याला लागलीच भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी उजाडताना पोटात कळ नव्हती, दुखणं नव्हतं. नुसतं पोट रिकामं झालं. करवंदीच्या जाळीआड तो बसला होता आणि समोर पाहून त्याला कळलं. तांदळाच्या धुवणासारखं. वर्गात हेच शब्द तो सांगायचा. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मग उलटी. पिंढऱ्यांत गोळे यायला लागले. त्यानं हातानं खड्डा करून माती लोटली, आबाजीला हाक मारून चुना आणायला लावला, आणि सगळं झाकून झाल्यावर तो झाडाला टेकून बसला आणि हिशेब करायला लागला. काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत, रोग अंगात दबून राहतो. काकडी परवा दुपारी खाल्ली. विहिरीचं पाणी परवा संध्याकाळी. मध्ये दोन तीन तासांचं अंतर. लस टोचून घेतली होती, पण लस म्हणजे छत्री, छप्पर नव्हे, हेही वर्गातलंच वाक्य. काकडी असेल तर विहीर निर्दोष. विहीर असेल, खडे कमी पडले असतील, तर सात घरांनी आपल्यामागून तेच प्यायलं आहे. कळायला मार्ग नव्हता.

"सर, कुणाला सांगायचं नाही," आबाजी म्हणाला. तो उकिडवा बसून धारपची नाडी बघत होता आणि त्याचा आवाज स्थिर होता. "तुम्ही आजारी पडलात हे कळलं की वाडी डोहावर जाणार. डोहात उंबरवाडीचं सगळं येतंय. मी सांगतो तुम्ही रानात मुळ्या बघायला गेलात. इथंच झाकून ठेवतो तुम्हांला."

"आणि विहीर असेल तर?"

"नसेल, सर. काकडी असेल."

"तुमच्या आत्याची?"

आबाजीनं मान खाली घातली. "तुम्हीच शिकवलंत," तो म्हणाला, "एका रोग्याकडे बघायचं नाही. वस्तीकडे बघायचं."

हे खरं होतं. शिकवलं होतं. त्या पोराच्या तोंडून ते ऐकताना धारपला गाडी जुंपलेली दिसली, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला. वस्तीकडे इतक्या लांबून बघितलं होतं की वस्तीतली बाई दिसली नव्हती. "भागीला बोलाव," तो म्हणाला. आबाजी हलला नाही. "बोलाव. तिनं मला राहायला सांगितलंय. तिला कळायला पाहिजे."

भागी आली. धारपनं तिला सगळं सांगितलं: मला पटकी झाली आहे, बाजारातल्या काकडीनं झाली की विहिरीनं, मला ठाऊक नाही, डोहाचं पाणी मात्र नक्की वाईट आहे, कुठलंही प्या, पण उकळून प्या, खळाखळा उकळून, तांबडंसुद्धा. बोलताना आवाज घोगरा होत चालला होता. भागीनं ऐकून घेतलं. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, जिथं डोळे आत जायला लागले होते.

"ठाव नाय म्हनतोस?"

"ठाऊक नाही."

"पयल्या येळी तुला समदं ठाव व्हतं," ती म्हणाली, आणि उठली. दोघांनी मिळून त्याला तिच्या घरात नेलं, उघड्यावरून, सगळ्यांच्या देखत.

बाहेर आवाज चढले. कुडाच्या फटींतून धारपला तुकडे दिसत होते. भागी काहीतरी सांगत होती. कमळ्याचा आवाज तिच्या वरून येत होता. "दोन डाव? दोन डाव त्येच?" मग भांडी वाजली. घडे, पातेली, रिकामा हंडा दगडावर टेकल्याचा आवाज. सात घरांतली तीन घरं कमळ्याबरोबर डोहाच्या वाटेनं निघाली. धारपनं उठायचा प्रयत्न केला आणि पिंढरीत गोळा येऊन तो परत पडला. आबाजी दारात उभा होता. क्षणभर त्यानं आत पाहिलं. मग त्यानं पोटॅशचा डबा उचलला, एक पातेलं घेतलं आणि तो त्यांच्या मागं निघाला. धारपला त्याला पुष्कळ सांगायचं होतं. किती खडे, किती पाण्याला. मडकी आधी धू. आणि तू पिऊ नकोस, तू काही पिऊ नकोस. त्यानं तोंड उघडलं. आवाज आला नाही. पटकीत आवाज बसतो. हेही त्यानं शिकवलं होतं.

त्यानंतरचं त्याला सलग आठवत नाही. चूल जळत असायची. भागी नाचणीची पातळ पेज मीठ घालून डवलीनं त्याच्या तोंडात घालायची, तो ओकायचा, ती तोंड पुसायची आणि परत घालायची. शिरेतून सलाइन द्यायला हवं, त्याचं डोकं म्हणत असे, पेजेनं काय होणार. आणि डवली परत ओठाला लागायची. गिळायचं की नाही याचा निर्णय त्याच्याकडे उरला नव्हता. कधीतरी चिंधी कडेवर पोर घेऊन दारात उभी असायची आणि आत येत नसे. त्याला तिला सांगायचं असायचं की मला तहान लागली आहे. कधीतरी त्याला वाटे की सात घरंही गवतात गेली आहेत, ही एकच चूल राहिली आहे, आणि तीही कुणी नोंदलेली नाही.

आजाराच्या तिसऱ्या दिवशी दुपारी तो शुद्धीत होता. दारात उजेड अडला. कमळ्या. त्याच्या पाठीवर घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यानं ते धारपच्या शेजारी उतरवलं, आणि घोंगडीतून आबाजीचा चेहरा निघाला. नाक टोकदार झालेलं, डोळे खोल गेलेले, ओठ निळे. धारपनं हात पुढं केला. मनगटाची नाडी लागली नाही. काखेत बोटं घातली तेव्हा तिथं काहीतरी बारीक, दूरचं, फडफडत होतं.

"पयल्या दिशी कोन ऐकंना त्याचं," कमळ्या भागीला सांगत होता. "उकळा म्हनला, औषद टाका म्हनला. आमी म्हनलं, तू कोन? मंग ह्यो म्हनला, तुमी पिता तेच मी बी पितो, माज्या मास्तरांनी पिलं तसं. आनि डोहाचं तसंच पिला. आमच्याम्होरं. दुसऱ्या दिशी मंगळ्या म्हातारा गेला. मंग आमी उकळाय लागलो. पन याला लागलं व्हतं तवर."

हे मी शिकवलं नव्हतं, धारपच्या मनात आलं. मग आलं, की हेच शिकवलं. तो कोपरावर उठला. भागीनं दुसरी डवली भरली तेव्हा त्यानं ती तिच्या हातून घेतली. त्याचा हात इतका कापत होता की अर्धी पेज आबाजीच्या गळ्यावर सांडली. परत भरली. एक घोट, थांबायचं, एक घोट. आबाजी ओकला. परत. भागी लाकडं सारत होती, बाहेर ऊन पांढरं झालं होतं, दारात बाया येऊन बसल्या होत्या, वाडीत राहिलेल्या चार घरांतल्या. त्यांच्यापैकी कुणाला काही झालं नव्हतं. पण पहिले दोन दिवस सोडले तर त्यांनीही पाणी उकळून प्यायलं होतं, आणि दूषित पाणी प्यालेला प्रत्येक जण आजारी पडतोच असंही नाही, तेव्हा विहीर खरी की खोटी हे त्यावरून ठरत नव्हतं. आता ते कधीच ठरणार नव्हतं. संध्याकाळ व्हायला आली. आबाजीचे हात गारच होते. आबाजीचा बाप कशेळ्यात बातमीची वाट बघत असेल, आणि तालुक्याची माणसं अजून आली नव्हती. धारप मनगटावर बोटं ठेवून बसला होता आणि त्याला आपलीच नाडी लागत होती, त्याची लागत नव्हती, मग वाटायचं लागली, आणि ती पुन्हा आपलीच असायची.

मग भागी वाकली, घोंगडी बाजूला करून तिनं हात खाली घातला, आणि वर काढून हुंगला.

"मुतला गं बाय!" ती मोठ्यानं म्हणाली.

दारातल्या बायांत हशा उठला, थांबला, परत उठला. पटकीनं बंद पडलेली मूत्रपिंडं सुरू झाली होती. पुस्तकात याला एक ओळ होती. धारपनं डवली खाली ठेवली आणि त्याला रडू आलं, आवाज न करता, कारण आवाज नव्हताच. मनगटाखाली आता खरोखर काहीतरी ठोकत होतं, आणि ते त्याचं नव्हतं.

कमळ्या हसला नव्हता. तो दाराशी गुडघे मुडपून बसला होता आणि आबाजीकडे बघत होता. मग तो धारपच्या जवळ सरकला.

"ह्यो वाचला," तो म्हणाला. "माजी का नाय वाचली?"

धारपनं ओठ हलवले. बाहेरच्या हशात त्याचं कुजबुजणं बुडून गेलं. कमळ्या वाकला आणि त्यानं आपला कान धारपच्या तोंडाशी नेला. त्याच्या अंगाला डोहाच्या मातीचा आणि धुराचा वास होता.

"तिनं मला प्यायला सांगितलं होतं," धारप म्हणाला. "मी प्यालो नाही. मी थांबलो नाही."

कमळ्यानं कान तसाच ठेवला.

"परत बोल," तो म्हणाला.

धारपनं परत सांगितलं.